मक्याचं स्पिरिट

ओमाहाच्या स्टेशनवर रुडी स्वतः घ्यायला आलेला दिसला, तेव्हाच व्लास्ताने ओळखलं की याला काहीतरी हवंय. ती वॉशिंग्टनला नोकरीला लागून वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ती घरी आली की आणायला नेहमी मोठा भाऊ एमिल यायचा, मक्याची धूळ बसलेला ट्रक घेऊन. धाकटा भाऊ एकदाही आला नव्हता.

रुडीने तिची बॅग नव्या गाडीत ठेवली, खिडकीची काच अर्धी खाली केली आणि पहिले दहा मैल थंडी, मका आणि आईचे गुडघे याच विषयांवर काढले. मग मुद्द्यावर आला. एमिलचा फोन त्यालाही आला होता. रविवारी आईला शहात्तरावं लागतंय, दोघंही जेवायला या, कारखान्याबद्दल बोलायचंय. कारखाना म्हणजे नदीकाठचा सरकारी स्पिरिटचा कारखाना, युद्धात मक्यापासून रबरासाठी स्पिरिट काढायला बांधलेला. एमिल गेली सहा वर्षं तो भाड्याने चालवत होता. जुलैपासून तो बंद होता, आणि आता सरकारने तो विकायला काढला होता.

"त्याला तो विकत घ्यायचाय," रुडी म्हणाला. "आईच्या जमिनीवर कर्ज काढून. एकशे साठ एकर, व्लास्ता. तेवढीच उरलीय तिच्याकडे."

"मग तू सांग त्याला."

"मी बोललो तर म्हणेल, तुला काय, तू बाबांच्या कोठारातला तुझा हिस्सा विकून मोकळा झालास. तुझं ऐकेल तो. आकडे तुझ्याकडे असतात."

ते खरं होतं. देशातल्या स्पिरिट काढणाऱ्या प्रत्येक कारखान्याचा महिन्याचा अहवाल व्लास्ताच्या कचेरीत यायचा. किती स्पिरिट निघालं आणि कशापासून निघालं. पिण्याचं नव्हे, रंगांत, औषधांत, रबरात, हिवाळ्यात गाड्यांच्या रेडिएटरमध्ये जाणारं. तिचं टेबल ओलांडल्याशिवाय त्यातला एकही आकडा छापला जात नसे. या वर्षीचं छापील पुस्तक तिने बॅगेत आणलं होतं. ते कुणालाही मागवता येतं, त्यात गुपित काही नव्हतं. रुडीने सांगायच्या आधीच तिने ठरवलं होतं की बोलायचं. आता मात्र तिला ते बोलणं रुडीचं काम केल्यासारखं वाटायला लागलं.

एमिलच्या घरी लिबी सकाळपासून चुलीपाशी उभी होती. दोन बदकं भट्टीत होती, आंबट कोबी शिजत होता. क्नेडलिकांचे, कणकेचे लांबट गोळे पाण्यात सोडायचे बाकी होते. लिबी एमिलची बायको. पंचवीस वर्षांत तिने या घराच्या भानगडीत तोंड घातलं नव्हतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. पण नणंद हात पुसत आत आली तशी तिने दार ओढून घेतलं.

एमिल झोपत नाही, तिने सांगितलं. कारखाना बंद असूनही रोज सकाळी जातो. यीस्टच्या खोलीत एका बरणीत त्याने जुनं यीस्ट जिवंत ठेवलंय, त्याला खायला घालून येतो. गावातले लोक विचारतात, एमिल कुठे, तर ती सांगते, कामावर.

"त्याला थांबव," लिबी म्हणाली. "पण माझं नाव घेऊ नको."

मग ती थोडा वेळ कोबी हलवत राहिली. तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. मे महिन्यात ती दात काढायला ओमाहाला गेली होती, तेव्हा रुडीच्या वॉर्निशच्या कारखान्यावरून बस गेली. फाटकात टँकर उभा होता. त्यावर टेक्सासच्या कंपनीचं नाव होतं, आणि नळी रुडीच्या टाकीला लावलेली होती.

व्लास्ता खुर्चीवर बसली. रुडीचा कारखाना एमिलचं शेवटचं पक्कं गिऱ्हाईक होता. वॉर्निश पातळ करायला लागणारं सगळं स्पिरिट तो भावाकडून घ्यायचा. मार्चमध्ये त्याने घेणं बंद केलं होतं. म्हणाला होता, वॉर्निशला उठाव नाही, लोक हल्ली फर्निचर घेत नाहीत. एमिलने तेव्हा उलट त्याचीच काळजी केली होती.

"टेक्सासचं म्हणजे तेलविहिरींच्या गॅसपासून काढतात ते ना?" लिबीने विचारलं. "मका नाही, काही नाही?"

"गॅसचं," व्लास्ता म्हणाली.

"आंबवायलाही लागत नाही?"

"नाही."

लिबीने झाकण ठेवलं. "मग एमिलसारख्या माणसाचं तिथे काय काम," ती म्हणाली. हे तिने प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं. टँकरबद्दल टेबलावर काही बोलायचं नाही असं दोघींनी ठरवलं आणि क्नेडलिक पाण्यात सोडले.

जेवण होईपर्यंत एमिल खुशीत होता. त्याने आईला बदकाची मांडी स्वतः वाढली, रुडीचा बियरचा पेला दोनदा भरला, व्लास्ताला वॉशिंग्टनच्या थंडीबद्दल विचारलं. बावन्न वर्षांचा माणूस, पण आज त्याने नवा शर्ट घातला होता आणि केस ओले करून बसवले होते. या दिवसाची त्याने मनात बऱ्याचदा उजळणी केली होती. आई मधोमध बसलेली, दोघं भावंडं समोर, आणि आपण सगळं नीट समजावून सांगतोय. कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, टेबलावर आले, आणि त्याने सुरुवात केली.

त्याने फार मागून सुरुवात केली. बाबा ब्रुअरीत यीस्ट सांभाळायचे. दारूबंदी आली तेव्हा एमिल पंधरा वर्षांचा होता. बाबा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, आपला धंदा संपला. आणि झालं काय? पुढच्या दहा वर्षांत देशात कारखान्यांना लागणारं स्पिरिट दुप्पट झालं. मग मंदी आली, पुन्हा सगळे म्हणाले संपलं. मग युद्ध आलं, आणि नदीकाठी जिथे फक्त लव्हाळी होती तिथे सरकारने सहा महिन्यांत कारखाना उभा केला. तीन पाळ्या चालायच्या, दोनशे माणसं होती. बाबांचा पोरगा यीस्टच्या खोलीचा मुख्य झाला. त्याच्या हाताखाली कॉलेजात शिकलेले केमिस्ट होते. युद्ध संपलं, कुलूप लागलं. मी भाड्याने घेतला, कुलूप निघालं, आणि कोरियाचं युद्ध सुरू झालं तसं काम पुन्हा वाढलं.

"ते खाली जातं आणि वर येतं," एमिल म्हणाला. "मी आयुष्यभर हेच बघतोय. खाली असताना जो धरून ठेवतो त्यालाच वरचं मिळतं. आत्ता ते खाली आहे, म्हणून सरकार विकतंय. आत्ताच घ्यायला हवं."

रुडीने व्लास्ताकडे पाहिलं. ते पाहणं एमिललाही दिसलं.

व्लास्ताने पुस्तक काढलं नाही. पानं तिला पाठ होती.

"एमिल, तू सांगितलंस त्यातलं काहीच खोटं नाही," ती म्हणाली. "देशाचं एकूण स्पिरिट वर येतंय. पुढेही येईल. पण ते आपलं, मक्याचं नाही. तू तरुण होतास तेव्हा शंभर पिंपांतली दहासुद्धा गॅसची नव्हती. युद्धाच्या आधी पंचवीस झाली. युद्धात मका इतका ओतला की ती पंचवीस कुणाच्या डोळ्यांत आली नाहीत. गेल्या वर्षी शंभरांतली सत्तर. आणखी दहा वर्षांनी, मला वाटतं, नव्वद. सगळं मिळून वर जाताना दिसतं, म्हणून आपला भाग बुडतोय ते दिसत नाही. कोरियाच्या वेळी सरकारला घाई होती म्हणून मका घेतला. पुढच्या वेळी घेणार नाहीत. त्यांना गरजच नाही."

आई कोलाच्यातली खसखस चमच्याने बाजूला करत होती. तिला दातात अडकायची.

एमिलने पुढ्यातली ताटली बाजूला सारली. त्याला राग आला नव्हता. कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्याशी त्याच्या धंद्याबद्दल शहाण्या माणसासारखं बोललं होतं, आणि ते ऐकताना त्याला आत कुठेतरी बरंही वाटत होतं. मग त्याच्या मनात दुसरा विचार आला.

"हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

व्लास्ताने पुस्तक होतं त्या बॅगेकडे पाहिलं.

"बाबा गेले तेव्हा माहीत होतं? अठ्ठेचाळीस सालच्या मार्चमध्ये?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं. मागच्या खळ्यात, तू कोट घालून उभी होतीस. मी म्हणालो, कारखाना भाड्याने मिळतोय, बाबांचं धान्याचं कोठार तारण ठेवतो, घेऊ का?"

"आणि मी म्हणाले होते, मला बोलता येत नाही."

"मला वाटलं, तुला त्यातलं काही कळत नाही असं म्हणतेयस," एमिल म्हणाला. "मला वाटलं, रडू येतंय म्हणून बोलता येत नाही."

तिने त्याला समजावलं. आकडे तेव्हा छापलेले नव्हते. छापून येईपर्यंत बाहेर कुणाला सांगणार नाही, अशी सही करून ती त्या कचेरीत लागली होती. घरच्यांना तर नाहीच. एका बाईने नवऱ्याला सांगितलं म्हणून तिची नोकरी गेली होती.

एमिलने मान हलवली. नियम त्याला कळत होते, आयुष्यभर तो सरकारी कुलपांखाली काम करत आला होता. तो रुडीकडे वळला तेव्हा त्याच्या आवाजात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. कोठार दोघा भावांचं होतं. बाबांना पुरून पंधरा दिवस झाले नव्हते, तेवढ्यात रुडीने आपला अर्धा हिस्सा एमिलला विकायला काढला होता. ओमाहाला जातो म्हणाला होता.

"तूही तिला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं. मलाही तेच म्हणाली, बोलता येत नाही."

"मग?"

रुडी बियरचा पेला टेबलावर फिरवत राहिला. खोटं बोलायची सोय होती. वॉर्निशचा धंदा आधीपासून मनात होता असं म्हणता आलं असतं, आणि बहुतेक एमिलने ते मानलंही असतं. पण पंचाऐंशी मैल गाडी चालवून तो आला होता ते हा विषय आज कायमचा मिटावा म्हणून, आणि त्याला कंटाळा आला होता.

"आपली व्लास्ता," तो म्हणाला. "चर्चच्या छपरापासून आईच्या चपलांपर्यंत जिचं सगळ्यावर मत असतं. ती गप्प बसली. मला कळलं."

"आणि मला नाही सांगितलंस."

"नाही."

"का?"

"मला माझा हिस्सा घेणारा कुणीतरी हवा होता, एमिल. दुसरं कोण घेणार होतं?"

लिबी उभी राहिली. ताटल्या उचलायला उठली असं सगळ्यांना वाटलं. पण तिने ताटलीला हात लावला नाही. पंचवीस वर्षं जपलेला अभिमान तिला त्या क्षणी फार क्षुल्लक वाटला. तिने दिराला विचारलं की मे महिन्यात त्याच्या फाटकात टेक्सासचा टँकर काय करत होता. विचारताना आवाज चढला नाही. नणंदेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

रुडीने लपवलं नाही. गॅसचं स्पिरिट स्वस्त पडतं, म्हणाला, आणि प्रत्येक वेळी सारखं असतं. मक्याच्या स्पिरिटला वास राहतो. त्याच्याकडे चौदा माणसं कामाला आहेत, त्यांना काय सांगायचं, माझा भाऊ यीस्ट पाळतो म्हणून? दोन वर्षं त्याने एमिलकडून महाग घेतलं. दोन वर्षं. ते कुणी मोजतं का?

"मला वासाचं सांगायचंस," एमिल म्हणाला. "वास काढता आला असता."



मग एमिल पुन्हा बहिणीकडे वळला. रुडीचं मला कळतं, म्हणाला. तो लहानपणापासून तसाच आहे, आणि मला ते माहीत असूनही मी विसरलो, त्यात चूक माझी. पण पुढचं कळत नाही. ते आकडे छापून केव्हा आले?

"नोव्हेंबरात," व्लास्ता म्हणाली.

"त्याच वर्षी?"

"त्याच."

"म्हणजे आठ महिन्यांनी. मी तेव्हा नुसता करार केला होता, पाइप बदलायचे बाकी होते. सोडता आलं असतं. आणि मग तर सही आड येत नव्हती."

"नव्हती."

"पुस्तक टपालाने पाठवता आलं असतं."

व्लास्ता सत्तेचाळीस वर्षांची होती. या प्रश्नाचं उत्तर तिने आजवर स्वतःलाही दिलं नव्हतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं, एमिलने ऐकलंच नसतं, रुडीने सांगितलं असेल, अशी बरीच उत्तरं तयार होती, आणि त्यांच्यावर तिची सहा वर्षं निघाली होती. आता ती उत्तरं तोंडाशी आली, आणि तिने ती बोलून दाखवली नाहीत.

"बाबांचं कोठार तुम्हा दोघांना मिळालं," ती म्हणाली. "मला शिवणयंत्र दिलंत. मी वॉशिंग्टनला भाड्याच्या खोलीत राहते, मला ते ठेवायलाही जागा नव्हती. नोव्हेंबरात पुस्तक छापून आलं तेव्हा मी पाकिटावर तुझा पत्ता लिहिला होता. मग म्हटलं, त्यांचं कोठार आहे, त्यांचं त्यांनी बघावं."

आईने चमचा खाली ठेवला.

बोझेना शिमानेकला कमी ऐकू यायचं, पण ती आज एकही शब्द चुकली नव्हती. तिची तिन्ही मुलं तिच्या समोर होती आणि तिला त्यांच्यात नवऱ्याचं काहीच दिसत नव्हतं, सगळं तिचं स्वतःचं दिसत होतं. रुडीची घाई तिची होती. व्लास्ताचा न सांगता धरलेला राग तर तिचाच. शिवणयंत्रही तिनेच ठरवलं होतं. नवऱ्याने, मातेयने, तीन हिस्से करूया म्हटलं होतं, आणि ती म्हणाली होती, पोरगी सरकारी नोकरीत आहे, तिला कोठार घेऊन काय करायचंय. हे आज सांगावं का, याचा तिने विचार केला आणि सांगितलं नाही.

"आई, जमीन देऊ नको," व्लास्ता म्हणाली. "माझ्यावर राग धर, पण जमीन देऊ नको."

"गुरुवारी सही केली मी," आई म्हणाली.

रुडीचा हात पेल्यावरून निघाला. लिबीने नवऱ्याकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

एमिल खाली बघून म्हणाला की तो परवानगी मागत नव्हता. त्याला वाटलं होतं, आईच्या वाढदिवशी सगळ्यांना एकदम सांगावं. सगळ्यांना बरं वाटेल.

"रद्द करता येईल," रुडी म्हणाला. "मी उद्या बँकेत जातो. आई, तुला कळलं नव्हतं कशावर सही करतेयस."

"मला सगळं कळलं होतं," आई म्हणाली. "बुडणार हेही कळलं होतं. त्याला तिचं पुस्तक कशाला लागतं? रस्त्यावरून मक्याचे ट्रक जाणं बंद झालं, एवढं मला खिडकीतून दिसतं." तिने एमिलच्या मनगटावर हात ठेवला. "तुम्ही दोघं गेलात. हा राहिला. त्याने माझ्याकडे आयुष्यात एकदाच काही मागितलं. नाही म्हणून मी जमीन वाचवली असती आणि मग रोज सकाळी याचं तोंड बघितलं असतं."

एमिलने हात काढून घेतला नाही. पण त्याचा चेहरा असा झाला की लिबीने मान फिरवली. आईने त्याच्यावर विश्वास ठेवला म्हणून सही केली, असं तो गुरुवारपासून धरून चालला होता.

कारखाना त्यानंतर सोळा महिने चालला, त्यातले निम्मे दिवस अर्ध्या क्षमतेने. बँकेने एकशे साठ एकर शेजारच्या माणसाला विकले. आई आणखी दोन वर्षं जगली, लिबीच्याच घरी, त्याच खिडकीपाशी. एमिल पुढे रुडीच्या कारखान्यात कोठीवर लागला. त्याला बोलवायला रुडी स्वतः आला होता, आणि लिबीने त्याला घरात घेतलं नाही. दोघा भावांचं बोलणं अंगणात उभ्या उभ्याच झालं. स्पिरिट उतरवून घ्यायला एमिलसारखा माणूस ओमाहात नाही, असं रुडी लोकांना सांगायचा, आणि ते खरंच होतं.

पण त्या रविवारी यातलं काही अजून झालं नव्हतं. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीला व्लास्ताला सोडायला एमिल निघाला. रुडी आधीच निघून गेला होता. ट्रकमध्ये दोघं फारसं बोलले नाहीत. कापणी झालेली शेतं दोन्ही बाजूंनी गेली, नदी आली, पूल आला. कारखान्याच्या वळणावर एमिलने सवयीने वेग कमी केला आणि परत वाढवला.

फलाटावर त्याने तिची बॅग खाली ठेवली.

"नोव्हेंबरात तू ते पुस्तक पाठवलं असतंस," तो म्हणाला, "तर मी ऐकलं असतं असं वाटतं तुला?"

तिने खरा विचार केला. तेवढं तरी त्याचं देणं लागते, असं तिला वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "नसतं ऐकलंस."

"मलाही तसंच वाटतं."

गाडी आली. त्याने बॅग वर चढवून दिली, पायरीवर तिला हात दिला. तिला वाटलं तो आणखी काही बोलेल, म्हणून ती दारातच थांबली.

"तरी पाठवायचंस," एमिल म्हणाला, आणि गाडी हलायची वाट न बघता ट्रककडे चालायला लागला.